मिआटाची मांड

लहान स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षातच एक खाज सुटते. गाडी जरा खाली बसवावी, जरा कडक करावी. फेंडर आणि टायर यांच्यामधली फट त्याच्या डोळ्यांत खुपायला लागते. मग कोणीतरी सल्ला देतं, कोणीतरी माल विकतं, आणि एका शनिवार-रविवारात कंपनीने वर्षानुवर्षं खपून जमवलेलं सस्पेन्शन निघून त्या जागी आटे पाडलेल्या, चकचकीत रंगाच्या नळ्यांचा संच चढतो. आता रस्त्यावरचा प्रत्येक खडा मालकाच्या माकडहाडाला कळतो. मालक खूश, कारण त्या कळण्यालाच तो ‘हँडलिंग’ समजतो. माझ्या मते, बहुतेक वेळा त्याने पदरचे पैसे मोजून चांगली गाडी बिघडवून घेतलेली असते.

आपल्याकडे हेच काम स्वस्तात होत असे. जुन्या एस्टीम किंवा होंडा सिटीच्या स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापायचा, की गाडी खाली. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते, म्हणजे दोन्ही हौशी एका कापात भागतात. पण हा लेख एस्टीमचा नाही. तो आहे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, नोव्हाय नावाच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या माझदा मिआटाचा. तिचा मालक माझा मावसभाऊ, आमचा दादा. पुण्यात मेकॅनिकल शिकला, तिकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला आणि पहिली मोठी पगारवाढ झाल्यावर १९९४ सालची, म्हणजे स्वतःच्या मुलीपेक्षा वयाने मोठी अशी दोन सीटांची उघडी गाडी घेऊन आला. वहिनींनी तेव्हा विचारलेला प्रश्न घरात अजून प्रसिद्ध आहे : “डिकीत काय मावतं? तुमची अक्कल?”

माझदाने ही गाडी कधीच भारतात विकली नाही, त्यामुळे तिची थोडी ओळख करून द्यायला हवी. साठच्या दशकात इंग्लंडने लहान, हलक्या, उघड्या स्पोर्ट्स कार जगाला विकल्या. त्यांचा मुकुटमणी १९६२ची लोटस एलान. इंग्रज कारखाने पुढे ढेपाळले, गाड्या तेल गळत गळत संपल्या. ‘तशी गाडी तुम्ही बनवा, पण न गळणारी’ ही कल्पना बॉब हॉल या अमेरिकन मोटार पत्रकाराने माझदाच्या केनइची यामामोतो यांच्या कानावर घातली. पुढे हॉल माझदातच नोकरीला लागला. प्रकल्पाचे प्रमुख झाले तोशिहिको हिराई. सस्पेन्शनवर काम करणाऱ्यांत ताकाओ किजिमा होते, आणि पुढच्या पिढ्यांच्या मिआटाची सूत्रं त्यांच्याकडेच गेली. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली. किंमत १३,८०० डॉलर, इंजिन १.६ लिटर, ताकद ११६ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. सरळ रस्त्यावर ती कोणाला हरवण्यासाठी नव्हतीच.

हिराईंच्या चमूने गाडीसाठी ठेवलेलं ब्रीद होतं ‘जिन्बा इत्ताई’. स्वार आणि घोडा एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण सोडण्याच्या जपानी परंपरेतून ते आलं आहे. आता घोड्यावर मांड पक्की असणं म्हणजे घोड्याची पाठ लाकडी करणं नव्हे, हे ज्याने एकदा टांग टाकली आहे त्याला सांगावं लागत नाही. माझदाने मांड कशी बसवली ते गाडीखाली शिरल्यावर दिसतं. चारही चाकांना वर-खाली दोन-दोन बाहू, म्हणजे डबल विशबोन. या किमतीच्या गाडीला ही चैन होती. एका बाहूवर आणि एका स्ट्रटवर स्वस्तात भागलं असतं. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब जाळीदार तुळई, जेणेकरून ॲक्सिलरेटर दाबल्यावर मधलं काही पिळवटू नये. आणि स्प्रिंगा? मऊ. आजच्या नजरेने फारच मऊ. वळणावर गाडी कलते, सगळ्यांना दिसेल इतकी.

दादाला ते कलणं सहन झालं नाही. गाडी घरी आली त्याच उन्हाळ्यात त्याने एक स्वस्त कॉइलओव्हर संच, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या आटे पाडलेल्या नळ्या, मागवला. नाव सांगत नाही, नावाने काही बिघडत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. स्प्रिंगा मूळच्या दुपटीहून कडक, उंची आट्यांवर फिरवून कमी-जास्त करायची सोय, आणि डोक्यावर एक नॉब, ज्याच्या बत्तीस पातळ्या. गाडी पन्नास मिलिमीटर खाली गेली. दिसायला लागली भारी. पण मिशिगनचे महामार्ग सिमेंटचे, दर काही मीटरवर सांधा, आणि हिवाळ्यात गोठून-वितळून त्या सांध्यांचे दात वर आलेले. वहिनी एकदा बसून परत आल्या आणि म्हणाल्या, “यापुढे मी बस शोधीन.” तिथे बस सहजी मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

वहिनींच्या पाठीचं सोडा, गाडी वळणावरही हळू झाली. हे दादाला कळायला ऑटोक्रॉसचं मैदान लागलं. ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून केलेली वाट. एका वेळी एकच गाडी सोडतात, फेरी मिनिटाच्या आसपासची, शंकू पाडला की वेळेत दोन सेकंदांची भर. पैजा नाहीत, टक्कर नाही. त्याच्या गटाबाहेरच्या, मूळच्या स्प्रिंगांवर धावणाऱ्या मिआटा त्याच्याहून वेगात येत होत्या. कललेल्या, झुललेल्या, पण वेगात. “अरे, मला आधी वाटलं घड्याळच बिघडलंय,” दादा सांगतो.

या स्पर्धा भरवणाऱ्या एससीसीए या अमेरिकन संस्थेचा नियम इथे बोलका आहे. ‘स्ट्रीट’ गटात स्प्रिंग बदलायला मनाई आहे. शॉकअप मात्र हवे ते लावा, आणि एक अँटीरोल बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून कलणं रोखणारा दांडा, बदला. याचा परिणाम असा, की त्या गटातल्या खटपट्या लोकांनी मऊ स्प्रिंगांतूनच वेग काढायला शिकून घेतलं.

मग कडकपणाने नेमकं होतं काय? थोडं गणित करावं लागेल, पण दहावीच्या पुढचं नाही. चालकासकट हजार किलोची गाडी धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांत १ मीटर ४० सेंटिमीटर अंतर. गाडी वळणावर ०.९ जी इतका आडवा जोर घेते आहे. मग आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार १००० × ०.९ × ०.४५ ÷ १.४, म्हणजे साधारण २९० किलो. या सूत्रात स्प्रिंग कुठे आली? आलीच नाही. स्प्रिंगच्या जागी लोखंडी ठोकळा बसवलात तरी २९० किलो तिकडे जाणारच. गाडी कलते म्हणून भार जातो, हा समज उलटा आहे. भार जातो म्हणून ती कलते.

शिवाय टायरचा एक स्वभाव आहे. त्याच्यावर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून भार एका बाजूला जितका जास्त सरकेल तितकी दोन्ही टायरांची मिळून पकड घटते. एकूण सरकणारा भार स्प्रिंगांनी कमी करता येत नाही. पुढच्या आणि मागच्या जोडीत तो कसा वाटायचा, एवढं मात्र हातात असतं. अँटीरोल बार हेच करतो. पुढचा जाड केला, की वळणावर पुढची जोडी भाराचा मोठा वाटा उचलते, तिची पकड आधी संपते आणि गाडी नाक बाहेर काढते. मागचा जाड केला की शेपूट सुटते. ज्यांना ‘रोल कमी झाला’ एवढंच दिसतं ते या वाटपाकडे पाहत नाहीत, आणि पहिल्या पावसात गाडी गिरकी घेते.

मग कलण्याचा तोटा काहीच नाही का? आहे. गाडी कलली की चाकंही तिच्याबरोबर कलतात आणि टायर एका कडेवर येतो. डबल विशबोनमध्ये वरचा बाहू आखूड, खालचा लांब ठेवतात तो यासाठीच : चाक वर गेलं की त्याचा माथा आत झुकतो आणि गाडीच्या कलण्याची बरीचशी भरपाई होते. माझदाने ते जमवलेलंच होतं. दादाने गाडी पन्नास मिलिमीटर खाली घेऊन त्या बाहूंचे कोन बदलून टाकले.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. पहिल्या पिढीच्या मिआटात चाकाला वर जायला मुळातच जागा थोडी आहे. त्या जागेच्या शेवटी बम्पस्टॉप असतो : शॉकअपच्या दांड्यावर ओवलेला फोमचा ठोकळा, लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून. गाडी पन्नास मिलिमीटर खाली बसवली की ती उभ्या जागीच त्या ठोकळ्याला जवळजवळ टेकते. वळणावर कलली की बाहेरचं चाक ठोकळ्यावर जातं आणि त्या क्षणी त्या कोपऱ्यातली स्प्रिंग कित्येक पट कडक होते. भाराचं वाटप एकाएकी बदलतं. चालकाला वाटतं टायर सुटला. खरं तर सस्पेन्शनच संपलेलं असतं.

उलट बाजूला लोटस एलान. वजन पाऊण टनाच्याही आत, स्प्रिंगा मऊ, चाकांना वर-खाली हलायला ऐसपैस जागा, आणि त्यांना आवरणारे शॉकअप नीट जुळवलेले. कॉलिन चॅपमनची शाळा ही : हलकी गाडी, मऊ स्प्रिंग, चाक कायम रस्त्यावर. एलानची आखणी करणारा रॉन हिकमन पुढे घडीच्या कामटेबलाचा, वर्कमेटचा, शोध लावून श्रीमंत झाला, मोटारींवर नव्हे. मॅक्लारेन एफ१ बनवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी आपल्या गाडीत एलानसारखं स्टिअरिंग देता आलं नाही याची खंत बोलून दाखवली आहे. माझदाच्या लोकांनी ज्या गाड्यांचा अभ्यास केला त्यांत एलान होती. म्हणजे दादाने जे काढून फेकलं त्याची वंशावळ एवढी थोर.

एक योगायोग असा, की या विषयाचं मूळ शास्त्र नोव्हायच्या आसपासच जन्मलं. तिथून अर्ध्या तासावर मिलफर्ड. जनरल मोटर्सने तिथे १९२४ साली गाड्यांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र मैदान उभं केलं. मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनियर आधी रोल्स-रॉइसमध्ये होता, आणि १९३०मध्ये कॅडिलॅकमध्ये आला. त्या काळच्या गाड्यांना पुढे-मागे स्प्रिंग म्हणून लोखंडी पाटे असत आणि पुढचे पाटे मागच्यांहून कडक. खड्ड्यावरून गेलं की गाडी पुढे-मागे डोलत राही. ऑलीने सात माणसांच्या एका मोठ्या कॅडिलॅकला पुढे-मागे वजनं टांगायची सोय केली, वजनं सरकवून, स्प्रिंगा बदलून तो माणसांना फिरवू लागला आणि विचारू लागला, आता कसं वाटतं? उत्तर असं निघालं, की पुढचं टोक मागच्यापेक्षा मऊ हवं.

कारण सोपं आहे. खड्डा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना नंतर. मिआटाच्या दोन आसांत २ मीटर २६ सेंटिमीटर अंतर, त्यामुळे ताशी ९० किलोमीटरला मागचं चाक सेकंदाच्या अकराव्या हिश्शाने उशिरा पोचतं. पुढची झुलायला लागलेली असते, मागची उशिरा सुरू होते. मागचं टोक थोडं जलद झुललं तर ते पुढच्याला गाठतं, दोन्ही एका तालात येतात आणि गाडी डोलायची थांबून सपाट वर-खाली होते. ऑलीला पुढचं टोक मऊ करायचं होतं, पण पाट्यांवरचा सरळ आस मऊ केला की पुढची चाकं थरथरत. म्हणून पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं, जनरल मोटर्सच्या १९३४च्या गाड्यांत. अंडरस्टिअर (नाक बाहेर जाणं) आणि ओव्हरस्टिअर (शेपूट सुटणं) हे शब्दही ऑलीच्या कामातून रुळले. आज कॉइलओव्हर विकणाऱ्यांपैकी कितींनी त्याचं नाव ऐकलं असेल, देव जाणे. दादाच्या संचात चारही स्प्रिंगा जवळजवळ सारख्याच होत्या.

हे झुलणं मोजताही येतं. मिआटाच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगांवर टेकलेलं वजन २२० किलो आणि चाकाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन धरला, तर तो कोपरा सेकंदाला दीड वेळा झुलतो. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला हे छान. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर झुलणं दुप्पट होत नाही, वर्गमुळाच्या हिशेबाने दीड वेळाचं दोनच्या थोडं वर जातं. शर्यतीच्या गाडीला ते शोभतं, सपाट ट्रॅकवर. ‘चाकाशी मोजलेला’ हे शब्द मात्र विसरू नयेत. स्प्रिंग चाकावर नसते, बाहूच्या मध्ये कुठेतरी टेकलेली असते. चाक १० मिलिमीटर हललं तेव्हा स्प्रिंग ७ मिलिमीटर दबली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.७चा वर्ग, म्हणजे निम्माच. म्हणून एका गाडीच्या स्प्रिंगचा आकडा दुसऱ्या गाडीला लावून बढाया मारण्यात अर्थ नाही.

गेल्या वसंतात मी तिकडे होतो तेव्हा दादाने सगळं पुन्हा उलगडायचं ठरवलं होतं. या खेपेला यादी वेगळी होती. बिल्स्टाइनचे शॉकअप, मूळच्यापेक्षा बेताने कडक स्प्रिंगा, पुढच्या मागच्यांहून मऊ झुलतील अशा. उंची मूळच्यापेक्षा वीसच मिलिमीटर कमी. नवे बम्पस्टॉप, हळूहळू कडक होत जाणाऱ्या दाट फोमचे. वरची माउंटं १९९८नंतरच्या दुसऱ्या पिढीच्या मिआटाची. ती जुनीला जशीच्या तशी बसतात आणि चाकाला वर जायला मोलाची जास्त जागा देतात. पुढचा अँटीरोल बार थोडा जाड. आणि सगळ्या बाहूंच्या सांध्यांतले बुश नवे, रबराचेच.

“पॉलियुरेथिन का नाही?” मी विचारलं.

“करकर करतात. वहिनीला आणखी एक कारण कशाला देऊ?”

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने मिआटाच्या पोटाखाली काय केलं होतं ते मी कंदिलाएवढ्या दिव्याच्या उजेडात पाहिलं. मागच्या चाकाचा बाहेरचा खालचा बोल्ट लांबलचक असतो, बुशच्या आतल्या लोखंडी नळीतून आरपार जाणारा. बोल्ट आणि नळी गंजून एक झालेली. नट सुटला, बोल्ट जागचा हलेना. आधी भेदक तेल, रात्रभर. मग गॅसच्या टॉर्चने शेक, त्यावर रबर जळल्याचा वास. मग हातोडा. मग दादाच्या तोंडून अस्सल सदाशिव पेठी उद्गार. शेवटी विजेच्या करवतीने दोन्हीकडून बोल्ट कापला, आणि दुसऱ्या बाजूच्या बोल्टच्या वेळी आधीचे सगळे उपाय गाळून थेट करवतच उचलली. चाकांचे कोन जुळवायचे जे विकेंद्री बोल्ट असतात त्यांचीही तीच अवस्था. ते सुटे नसतील तर अलाइनमेंटच होत नाही, म्हणून जुनी मिआटा घेणाऱ्याने इंजिन ऐकण्याआधी ते बोल्ट फिरतात का ते पाहावं, असं दादाचं मत. मला ते पटलं.

कॉइलओव्हर काढल्यावर खाली पिवळट भुगा पडला. तो बम्पस्टॉप होता. एवढे आदळे खाऊन त्याचा चुरा झाला होता, आणि कोण जाणे किती दिवस गाडी लोखंडावर लोखंड घेत चालली होती. दादा तो भुगा बोटांत चोळत बसला. मी फोटो काढणार तेवढ्यात त्याने झाडू मागितला.

नव्या स्प्रिंगा बसवताना क्लॅम्पने दाबाव्या लागतात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, त्यामुळे त्या वेळी गॅरेजमध्ये विनोद बंद. पण मला शिकायला मिळालं ते पुढे, अगदी साध्या वाटणाऱ्या कामात. बाहूंचे बोल्ट लावले, पण दादा ते घट्ट करेना. सगळे हाताने फिरवून सोडलेले. गाडी घोड्यांवरून उतरवली, चाकं लाकडी फळकुटांवर टेकली, दोन-चार वेळा दाबून गाडी आपल्या उंचीवर बसू दिली, आणि मग तो पाठीवर सरपटत खाली गेला आणि टॉर्क रेंचने एकेक बोल्ट आवळू लागला. कारण असं, की रबराचा बुश फिरत नाही, पिळतो. आतली नळी बोल्टने जखडली जाते, बाहेरची बाहूत घट्ट असते आणि मधलं रबर दोन्हीला चिकटलेलं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. गाडी चमत्कारिक उंचीवर बसते, अकारण कडक लागते आणि थोड्याच महिन्यांत रबर फाटतं. आपल्याकडच्या किती लोअर आर्मचे बुश लिफ्टवर, चाकं लोंबत असताना आवळले जातात ते रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात उभं राहून पाहावं. ‘बुश टिकत नाहीत’ ही तक्रार तिथूनच निघते.

शॉकअपबद्दल थोडं. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा उष्णतेत जिरवायची ती शॉकअपने. कचेरीच्या दाराला वर जो क्लोजर असतो तोच हा हिशेब : तेल बारीक छिद्रांतून जायला भाग पाडायचं, म्हणजे दार आपटतही नाही आणि अर्ध्यात अडकतही नाही. सुरुवातीच्या मोटारींत तेल नव्हतं, घर्षणाच्या चकत्या होत्या. क्लिव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरने तर आधी धुराड्याच्या वायूवर वाजणारा भोंगा काढला, त्याला देवदूत गॅब्रिएलचं नाव दिलं आणि मग गाडीची उसळी रोखणारा पट्टा बनवला. तेच गॅब्रिएल १९६१मध्ये मुंबईत मुलुंडला आलं आणि पुढे आपल्या मेकॅनिकांच्या तोंडी बसलं. बिल्स्टाइनची गोष्ट वेगळी : एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू, मध्ये तरंगता दट्ट्या. तेलात फेस होत नाही आणि नळी थेट हवेला उघडी असल्याने उष्णता लवकर जाते. १९५७पासून मर्सिडीजला हे शॉकअप जाऊ लागले. माझदानेही १९९४मध्ये मिआटाच्या ‘आर’ पॅकेजमध्ये बिल्स्टाइनच लावले होते, म्हणजे दादा नवं काही करत नव्हता.

स्प्रिंग कडक केली की शॉकअपही त्या प्रमाणात जुळवावा लागतो, आणि खरी फसगत इथेच होते. स्वस्त संचात नॉब असतो, पण तो फिरवून आत काय बदलतं याचा आलेख कोणी देत नाही. पुष्कळदा ‘कडक’कडे फिरवला की चाक खाली परतण्याचा वेगच मंदावतो. मग लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो, गाडी थोडी-थोडी खाली खचत जाते आणि टायर रस्ता सोडून हवेत राहतो. मालकाला वाटतं, वा, काय घट्ट झाली!

अलाइनमेंट दादाने जवळच्या दुकानात करून घेतली. पुढची चाकं माथ्याने एक अंश आत, मागची दीड अंश, आणि मागे किंचित टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड जराशी आत. मिआटात चारही चाकांचे कॅम्बर (माथ्याचा झुकाव) आणि टो जुळवता येतात, पुढचा कास्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल), आणि एवढी मुभा महागड्या गाड्यांतही सहसा नसते. दुकानदाराला त्याने एकच अट घातली होती : मी सीटवर बसून राहीन. एवढ्या हलक्या गाडीत चालक म्हणजे वजनाचा मोठा हिस्सा. तो नसताना जुळवलेले कोन तो बसल्यावर बदलतात. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि लॅपटॉप उघडला.

मग गाडी चालवली. मला जे पहिल्यांदा जाणवलं ते असं, की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. सिमेंटचे सांधे आले आणि गेले. वळणावर ती कलली, पण एकदाच, आणि तिथेच थांबली. स्टिअरिंग हातात हलकं बोलत राहिलं. मधल्या एका उखडलेल्या वळणावर, जिथे आधीची गाडी आडवी उडी मारून लेनची पट्टी ओलांडायची असं दादा म्हणाला होता, तिथे ती नुसती वाकली आणि पुढे गेली. वहिनी बसायला तयार झाल्या. उतरल्यावर म्हणाल्या, “भाऊजी, आता हिला जुनी करून टाकलीत का तुम्ही?” त्याहून मोठी पावती मिळाली नसती.

पुढच्या ऑटोक्रॉसला त्याच वाटेवर, त्याच टायरांवर दादाची वेळ आधीपेक्षा दोन सेकंदांनी उतरली. वहिनींनीही एक फेरी मारली. एकही शंकू पाडला नाही, आणि दादाच्या पहिल्या फेरीपेक्षा त्या थोड्याच मागे होत्या. दुसरी फेरी त्यांनी मागितली, तेव्हा दादाने घड्याळाकडे पाहिलं.

पुण्याला परतल्यावर हे सगळं मी एका इंजिनियरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सांगत होतो. तिथली मुलं ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेसाठी एका सीटची गाडी बनवतात आणि कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर नेतात. त्यांना हे सगळं पाठ होतं. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत चालक बसलेला असताना चाकाला किमान ५० मिलिमीटरची चाल हवी, वर जायला निदान २५. म्हणजे स्प्रिंगच्या जागी नळकांडं बसवून सुटका करून घेता येत नाही. सव्वापंधरा मीटर व्यासाच्या वर्तुळांच्या इंग्रजी आठवर गाडी फिरवायची असते आणि तिथे वाटप चुकलं की लगेच दिसतं. एका मुलीने मला लॅपटॉपवर त्यांच्या बाहूंची भूमिती दाखवली, आणि विचारलं, की मिआटाच्या खालच्या बाहूची लांबी किती. मला माहीत नव्हती. तिने स्वतःच शोधली.

दादाचा प्रश्न आता टायरांचा आहे. मूळची १४ इंची चाकं, त्यावर १८५/६० मापाचे टायर. हे माप आता मोठ्या कंपन्या फारसं बनवत नाहीत, चांगल्या पकडीच्या रबरात तर आणखीच कमी. १५ इंची चाकं घेतली तर निवड भरपूर आहे. पण हलकी घ्यावी लागतील, कारण स्प्रिंगच्या खाली लोंबणारं प्रत्येक किलो शॉकअपला आवरावं लागतं, आणि हलकी चाकं महाग. जड चाकं घेतली तर आत्ताच जुळवलेले शॉकअप पुन्हा कमी पडायला लागतील. माझदाने जपानमध्ये जुन्या मिआटा नव्यासारख्या करून देण्याची सेवा सुरू केली, तेव्हा मूळ मापाचे टायरही पुन्हा बनवून घ्यावे लागले होते. दादाने दोन प्रकारच्या चाकांचे भाव काढून ठेवले आहेत. ते अजून वहिनींना दाखवलेले नाहीत. जुना कॉइलओव्हर संच मात्र विकला गेला, नुकतीच मिआटा घेतलेल्या एका तरुणाला. दादाने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, गाडी यावर अजून किती खाली जाते?